कारोयी घराणे आणि जमिनीचा प्रश्न



ज्याचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले त्याने एका परदेशी सरदार घराण्यावर बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. व्याख्यानमालेच्या चालकांनाही ते वाटले. 'संपांचा इतिहास सांगा, नाही तर कामगार कायद्यांवर बोला,' असे त्यांनी आम्हांला सुचविले होते. पण आमच्या मनात बरेच दिवस एक प्रश्न घोळत आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे तो, ती जमीन कसणाऱ्याचे काही देणे लागतो काय? आणि लागत असेल, तर ते देणे फेडावयाचे कसे? हा प्रश्न एकाच घराण्यापुढे दोनशे वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला आणि त्या घराण्यातील माणसांनी त्याला प्रत्येक वेळी निराळे उत्तर दिले, असे उदाहरण आम्हांला हंगेरीच्या इतिहासात सापडले. म्हणून आजचा विषय कारोयी घराणे. त्यांच्या लिपीत ह्या नावात 'ल' हे अक्षर आहे, पण उच्चारात ते येत नाही.

आम्ही पंडित नव्हे. जे वाचले ते रात्रपाळीनंतर वाचले. तेव्हा वंशावळी आणि सनावळी ह्यांच्या रानात आपणांस फिरवण्याचा आमचा विचार नाही. चारपाच माणसे आपल्यापुढे उभी करू आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारू : तुम्ही जो कागद केलात, त्यात कोणाचे नाव घालावयाचे राहिले?

हे घराणे हंगेरीच्या ईशान्येकडील नॉज्कारोय ह्या गावचे. ते गाव आज रुमानियात असून त्याचे नाव कारेय आहे. घराणे जुने, पण त्याचे भाग्य उजळले ते शान्दोर कारोयी ह्या पुरुषापासून. त्याचा जन्म १६६९ चा. त्या वेळी तुर्कांची सत्ता हंगेरीतून मागे हटत होती आणि तिच्या जागी व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग बादशहांची सत्ता बसत होती. कर वाढले, शिपायांचा जाच वाढला, आणि १७०३ साली फेरेन्त्स राकोत्सी ह्याच्या नेतृत्वाखाली बंड उभे राहिले. ह्या बंडाचे पहिले शिपाई म्हणजे वेठीला जुंपलेले शेतकरी. गमतीची गोष्ट अशी की, ह्या शेतकऱ्यांचा दोल्हा येथे पहिला मोड केला तो ह्याच शान्दोर कारोयीने. व्हिएन्नाने त्याची कदर केली नाही, तेव्हा त्याच वर्षी तो राकोत्सीस येऊन मिळाला आणि त्याचा एक प्रमुख सेनापती झाला.

लढा आठ वर्षे चालला. १७०८ साली शारोश्पाताक येथे भरलेल्या सभेने असा ठराव केला की, जो वेठकरी शेवटपर्यंत लढेल त्याची वेठ सुटेल. हा ठराव ध्यानात ठेवा. पुढे पराभव होत गेले, प्लेगने माणसे मेली, खजिना रिकामा झाला. १७११ साली राकोत्सी मदतीच्या शोधात पोलंडकडे गेला आणि सैन्याची सूत्रे कारोयीच्या हाती राहिली. बादशहाच्या बाजूने सेनापती पाल्फी बोलणी करीत होता. बोलणी चालू असतानाच, १७ एप्रिलला, बादशहा पहिला जोसेफ देवीच्या रोगाने वारला. पाल्फीने ही बातमी बाहेर फुटू दिली नाही. एप्रिलच्या अखेरीस सत्मारचा तह झाला आणि मायतेन्यच्या माळावर सुमारे बारा हजार बंडकऱ्यांनी आपली निशाणे खाली ठेवली.

तहात काय मिळाले? शपथ घेणाऱ्यांस माफी, सरदारांच्या जमिनी त्यांच्याकडे कायम, देशाचे जुने हक्क आणि धर्मस्वातंत्र्य मानण्याचे वचन. हरलेल्या बाजूला ह्याहून बरे मिळाले नसते, असे म्हणणारे इतिहासकार आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. देश खरोखरच थकला होता. पण शारोश्पाताकच्या ठरावाचे काय झाले? ज्या वेठकऱ्यांनी आठ वर्षे भाले धरले ते पुन्हा आपापल्या मालकाच्या शेतावर वेठीला गेले. राकोत्सीने तह मानला नाही. तो तुर्की मुलखात १७३५ साली निर्वासित म्हणून मेला. कारोयीला १७१२ साली काउंटचा किताब मिळाला, जमिनी मिळाल्या, आणि ओस पडलेल्या गावांतून त्याने जर्मन शेतकरी आणून वसविले. हंगेरीत त्याला कोणी द्रोही म्हणतात, कोणी शहाणा म्हणतात. हा वाद तीनशे वर्षे चालू आहे.

श्रोतेहो, ह्या वादात आम्ही चटकन न्यायाधीश होत नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे. तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप झाला होता. तो बरेच आठवडे टिकला आणि टिकला तो हंगामी कामगारांच्या जोरावर. कारण कायम कामगारांच्या घरी थोडीफार पुंजी होती आणि ह्यांच्या घरी तीही नव्हती, तरी फाटकावरून हटले नाहीत ते हेच. आमचे वडीलधारे पुढारी त्या वेळी बाहेरगावी गेले होते. मालकांकडून करार पुढे आला. पगारवाढ बरी होती, संपकाळातील पगाराचा काही भाग मिळणार होता, कोणावर कारवाई होणार नव्हती. मात्र हंगामी कामगारांविषयी त्यात एक ओळही नव्हती. 'त्यांचे पुढच्या वेळी पाहू,' असे ठरले आणि सह्या झाल्या. सही करणाऱ्यांत आम्ही होतो. पुढची वेळ आली तेव्हा त्या माणसांपैकी कारखान्यात कोणी उरले नव्हते. तडजोड करणे हे पाप आहे असे आम्ही आजही मानीत नाही. तडजोडीवाचून कोणतीही चळवळ चालत नाही. परंतु कराराचा कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे ह्याच्या आधी, त्यात कोण लिहिलेला नाही, हे पाहावयाचे असते. सत्मारचा तह वाचताना आम्हांला आमची सही आठवली. म्हणून हा विषय.

आता आपण शंभर वर्षे पुढे जाऊ. १८२५ च्या नोव्हेंबरात पोजोन्य येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, हंगेरीची सभा भरली होती. मग्यार भाषेच्या वाढीसाठी एक विद्वत्संस्था हवी, पण पैसा कोठून आणावयाचा, ह्याची चर्चा चालली असता इश्तवान सेचेनी ह्या तरुण सरदाराने आपल्या जहागिरीचे एक वर्षाचे उत्पन्न देऊ केले. त्याच्या पाठोपाठ ज्यांनी देणग्या जाहीर केल्या त्यांत द्यॉर्ज कारोयी होता. त्याने आपले अर्ध्या वर्षाचे उत्पन्न दिले. हंगेरीची विज्ञान अकादमी अशी जन्मास आली. त्या काळी तेथील राज्यकारभार लॅटिनमध्ये चाले आणि सरदारांच्या घरांत जर्मन बोलत. अशा वेळी शेतकऱ्याची भाषा ज्ञानाची भाषा व्हावी म्हणून पैसा देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. भाषेसाठी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचे मोल सांगावयास नको. मात्र एवढे म्हटले पाहिजे की, जे उत्पन्न दिले ते त्याच शेतकऱ्याच्या वेठीचे होते.

१८४८ साली युरोपभर क्रांतीचा वारा सुटला. हंगेरीत वेठ कायद्याने रद्द झाली आणि लायोश बात्यानी हा देशाचा पहिला जबाबदार पंतप्रधान झाला. तो आणि द्यॉर्ज कारोयी हे एकमेकांचे साडू. द्यॉर्जचा भाऊ इश्तवान कारोयी ह्याने पदरच्या पैशाने घोडेस्वारांची एक पलटण उभी केली. व्हिएन्नाच्या फौजा चालून आल्या आणि १८४९ च्या ८ जानेवारीस बात्यानीला पकडण्यात आले ते पेश्तमधील कारोयींच्या वाड्यातच. ६ ऑक्टोबरला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. इश्तवानला कैद आणि दंड दोन्ही भोगावे लागले. ह्या पिढीने देशासाठी सोसले, ह्यात शंका नाही.

पण आमचा प्रश्न येथेही विचारू. वेठ सुटली तेव्हा जमीन मिळाली ती ज्याच्याकडे वेठीच्या मोबदल्यात कुळवहिवाटीची जमीन होती त्याला. ज्याच्याकडे नुसती झोपडी होती, जो सरदाराच्या वाड्यावर सालगडी म्हणून राबत होता, त्याला नुसते स्वातंत्र्य मिळाले. स्वातंत्र्य पोटात घालता येत नाही. ह्या बिनजमिनीच्या माणसांची मुले-नातवंडे मोठी होत गेली आणि जहागिरी होत्या तशाच राहिल्या. पुढच्या पन्नास वर्षांत तो प्रश्न हंगेरीच्या दाराशी येऊन बसला.

ह्या वेळी घराण्यातून पुढे आला तो दुसरा शान्दोर कारोयी, इश्तवानचा मुलगा. जन्म १८३१ चा. कोवळ्या वयात तो १८४८-४९ च्या लढाईत लढला आणि पुढे काही काळ परदेशी राहिला. परत आल्यावर त्याने पाहिले की, शेतकरी सावकाराच्या आणि गावच्या दुकानदाराच्या कात्रीत सापडला आहे. १८८६ पासून त्याने पेश्त जिल्ह्यात पतपेढ्या काढण्यास आरंभ केला. १८९८ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि त्यांची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. त्याच साली त्याने 'हाँग्या' ही ग्राहक सहकारी संस्था स्थापिली. हाँग्या म्हणजे मुंगी. नाव अगदी नेमके होते. खेड्याखेड्यांत मुंगीची दुकाने निघाली. मीठ, रॉकेल, औत-अवजारे वाजवी भावाने मिळू लागली. संस्थापक १९०६ साली वारला, पण मुंगी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत जगली. सहकाराचे काम ज्यांनी केले आहे त्यांना कळेल की, अशी संस्था काढणे सोपे आणि पन्नास वर्षे टिकवणे फार अवघड.

तथापि ह्याच १८९८ सालाची दुसरी बाजू पाहा. त्याच्या आदल्या वर्षी, १८९७ च्या सुगीत, हंगेरीच्या मैदानी मुलखात शेतमजुरांनी मोठे संप केले. उत्तर म्हणून सरकारने १८९८ चा दुसरा कायदा केला. कापणीचा करार केलेल्या मजुराने काम सोडले तर पोलीस त्याला धरून पुन्हा शेतावर उभा करीत. संपाची चिथावणी हा गुन्हा ठरला. लोकांनी ह्या कायद्याला 'गुलामांचा कायदा' असे नाव दिले. म्हणजे एकाच वर्षी दोन कागद झाले. एकाने शेतकऱ्याला दुकान आणि पतपेढी दिली, दुसऱ्याने मजुराच्या हातांत बेडी घातली. दुसरा शान्दोर प्रामाणिक माणूस होता. पण खेड्यात सहकार रुजला म्हणजे समाजवाद रुजणार नाही आणि जहागिरीला धक्का लागणार नाही, हाही त्याचा हिशेब होता. ज्याच्याजवळ चार एकर होते त्याला मुंगीने हात दिला. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याला पतपेढीत तारण काय ठेवावे हा प्रश्न पडला.

ह्या दुसऱ्या शान्दोरच्या छायेत, फोत येथील वाड्यात, घराण्यातला एक पोरका मुलगा वाढत होता. त्याचे नाव मिहाय कारोयी. जन्म १८७५ चा, द्यॉर्जचा नातू. आई लहानपणीच गेली. टाळू जन्मतःच फाटलेली, त्यामुळे बोलणे अस्पष्ट. चौदाव्या वर्षी व्हिएन्नात शस्त्रक्रिया झाली आणि मग त्याने हट्टाने बोलावयाचा सराव केला. ज्याला बोलता येत नव्हते तो पुढे पार्लमेंटातला वक्ता झाला. तरुणपणी त्याने सरदारपुत्राचे सगळे शौक केले : जुगार झाला, मोटारी झाल्या, कर्ज झाले. १९०९ साली तो बड्या जमीनदारांच्या राष्ट्रीय कृषिसंघाचा अध्यक्ष झाला. तेथवर त्याच्यात वेगळे असे काही दिसत नाही.

मग माणूस बदलला कसा? एका रात्रीत नव्हे. सर्वांना मताधिकार द्यावा की नाही ह्या वादात तो हळूहळू समाजवाद्यांच्या जवळ सरकला. प्रतिपक्षाचा पुढारी इश्तवान तिसा ह्याच्याशी १९१३ साली त्याचे तलवारीचे द्वंद्वयुद्धही झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेहून परतताना तो फ्रान्समध्ये अडकला. १९१६ साली त्याने आपला निराळा पक्ष काढला आणि तीन गोष्टी मागितल्या : तह, मताधिकार आणि जमीन. खंदकांत मरणारे शेतकरी आणि बुडापेश्तच्या कारखान्यांतले कामगार ह्यांना ह्या तीनही गोष्टी आपल्या वाटल्या. १९१८ च्या जानेवारीत सार्वत्रिक संप झाला. जूनमध्ये रेल्वेच्या यंत्र-कारखान्यात कामगारांवर गोळीबार झाला आणि पुन्हा संप झाला. ऑक्टोबरच्या अखेरीस शिपायांनी टोपीवरचे बादशाही चिन्ह काढून तेथे अॅस्टरचे फूल खोवले आणि ३१ तारखेला मिहाय कारोयी पंतप्रधान झाला. त्याच दिवशी शिपायांनी तिसाला त्याच्या घरात गोळ्या घालून मारले. १६ नोव्हेंबरला प्रजासत्ताक जाहीर झाले. जानेवारीत कारोयी त्याचा अध्यक्ष झाला.

१९१९ च्या १६ फेब्रुवारीला जमिनीचा कायदा झाला. ५०० होल्डच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ७०० एकरांच्या वर, ज्याची जमीन असेल त्याची जादा जमीन मोबदला देऊन काढून घ्यावयाची आणि बिनजमिनीवाल्यांना वाटावयाची. दोनशे वर्षांत प्रथमच सालगड्याचे नाव कागदावर आले. आणि आठ दिवसांच्या आत, २३ फेब्रुवारीला, अध्यक्ष कारोयी हेवेश जिल्ह्यातील कापोल्ना ह्या गावी गेला आणि लोकांच्या समोर त्याने स्वतःच्या जमिनीचे वाटप सुरू केले. दुसऱ्याच्या जमिनी वाटण्याचे कायदे करणारे जगात पुष्कळ झाले. आरंभ आपल्या शेतापासून करणारा राष्ट्राध्यक्ष आमच्या वाचनात दुसरा आलेला नाही.

आता पुढची कथा कडू आहे. कापोल्नाच्या वाटपानंतर चार आठवड्यांच्या आत ते सरकार पडले. शेजारची राष्ट्रे चोहोबाजूंनी देशात शिरत होती. २० मार्चला दोस्तांचा अधिकारी विक्स ह्याने आणखी मुलूख सोडण्याचा खलिता दिला, आणि तो स्वीकारणे किंवा नाकारणे दोन्ही अशक्य झाल्याने सरकारने राजीनामा दिला. २१ मार्चला बेला कुनच्या साथीदारांचे सोव्हिएत राज्य आले. त्यांनी जहागिरी घेतल्या, पण वाटल्या नाहीत. त्या सरकारी मालकीच्या केल्या आणि पुष्कळ ठिकाणी कालचाच दिवाणजी शेतावर उभा राहिला. शेतकरी त्यांच्यापासून तुटला. ऑगस्टात तेही राज्य कोसळले आणि होर्टीची राजवट आली. १९२० च्या नव्या कायद्याने मिळाले ते बहुतेकांना एक-दोन होल्डांचे तुकडे. १९३० च्या सुमारास हंगेरीला 'तीस लाख भिकाऱ्यांचा देश' म्हणत असत.

मिहाय कारोयी परागंदा झाला. त्याच्यावर देशद्रोहाचा खटला झाला आणि १९२३ साली त्याची मालमत्ता जप्त झाली. त्याची पत्नी कातिन्का ही आन्द्राशी ह्या तितक्याच बड्या घराण्यातली. ती त्याच्याबरोबर देशोदेशी फिरली आणि लोक तिला 'लाल काउंटेस' म्हणू लागले.

आणि त्याच वेळी घराण्याचा दुसरा पुरुष मिहायच्या विरुद्ध दिशेने चालला होता. मिहायचा चुलतभाऊ द्युला कारोयी हा १९१९ च्या मेमध्ये अराद येथे बेला कुनविरुद्ध उभ्या राहिलेल्या सरकारचा प्रमुख होता. जागतिक मंदीत, १९३१ च्या ऑगस्टमध्ये, तो होर्टीचा पंतप्रधान झाला. स्वतः साधा आणि काटकसरी. त्याने काटकसर देशालाही लावली, पगार कापले. सप्टेंबरात बियातोर्बाज्य येथे रेल्वेचा पूल उडविण्यात आला आणि त्या निमित्ताने लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच कायद्याखाली १९३२ च्या जुलैत शालाई आणि फ्युर्श्त ह्या दोन कम्युनिस्टांना फाशी देण्यात आले. ऑक्टोबर उजाडला आणि द्युला पायउतार झाला. दोन चुलतभाऊ, दोघेही पंतप्रधान. एकाने आपली जमीन वाटली, दुसऱ्याने जुनी घडी राखली.

मिहाय १९४६ साली मायदेशी परतला. तोपर्यंत १९४५ च्या जमीनसुधारणेने सहा लाखांहून अधिक कुटुंबांना जमीन मिळाली होती. त्याचे कापोल्नाचे काम देशाने पुरे केले होते. तो पॅरिसला हंगेरीचा वकील झाला. परंतु १९४९ साली राय्क ह्या मंत्र्यावर खोटा खटला भरून त्याला फाशी दिले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धाने निषेध म्हणून पद सोडले आणि पुन्हा परदेशवास पत्करला. तो १९५५ साली फ्रान्समधील व्हांस येथे वारला. १९६२ साली त्याच्या अस्थी बुडापेश्तला नेण्यात आल्या. १९७५ साली पार्लमेंटाजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. २०१२ साली तो तेथून हलविण्यात आला आणि आता शिओफोक येथे आहे. देशाचे दोनतृतीयांश प्रदेश १९२० च्या त्रियानोनच्या तहाने गेले, त्याला हाच जबाबदार, असे पुष्कळ हंगेरियन आजही मानतात. सैन्य मोडू देण्यात त्याची चूक झाली हे खरे. पण युद्ध हरले ते त्याने सुरू केलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

आणि वाटलेली जमीनही गेली. १९४५ साली मिळालेले तुकडे १९६१ पर्यंत दडपणाने सामुदायिक शेतीत घेतले गेले. मग आमच्या हिशेबात काय उरले?

पहिल्या शान्दोरचा कागद सरदारापुरता होता. १८४८ चा कागद कुळापुरता होता. दुसऱ्या शान्दोरची मुंगी थोडी जमीन असलेल्यापुरती होती. मिहायने शेवटच्या माणसाचे नाव लिहिले, पण त्या माणसाची संघटना बांधण्यास त्याला वेळ मिळाला नाही, आणि पुढे ज्यांनी सत्ता घेतली त्यांना ती नको होती. दात्याने दिलेले आणि कायद्याने दिलेले, दोन्ही राखावयाचे तर घेणाऱ्यांचे हात एकमेकांत गुंतलेले असावे लागतात. एवढ्यावरून मिहाय कारोयीचे देणे वाया गेले असे मात्र कोणी म्हणू नये. जहागीरदार आपल्या हाताने जमीन देऊ शकतो, हे कापोल्नात एकदा लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९४५ साली जमिनी मोजणारे आले, तेव्हा ती गोष्ट कोणाला अशक्य कोटीतली वाटली नाही.

पेश्तच्या कारोयी वाड्यात आज वाङ्मयाचे संग्रहालय आहे. फोतच्या वाड्यात, जेथे तो तोतरा, पोरका मुलगा वाढला, तेथे १९५७ साली निराधार मुलांचे वसतिगृह सुरू झाले. हे वाचले तेव्हा आम्हांला बरे वाटले.

शेवटी आमच्यापुरते. त्या संपानंतर आम्ही बरेच करार केले. प्रत्येक वेळी सहीच्या आधी कागद उलटा धरून विचारतो, ह्यात कोण राहिला? दर वेळी सगळ्यांना आत घेता आलेच असे नाही. पण ज्यांना घेता आले नाही त्यांच्यापुढे जाऊन, फाटकावर उभे राहून, तसे तोंडाने सांगण्याची सवय लावून घेतली आहे. ती सवय आम्हांला उशिरा लागली. आपणांपैकी जे तरुण उद्या कोठे ना कोठे सह्या करतील, त्यांना ती लवकर लागो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.